दिंडीबरोबर चाललेली कुत्री

या स्मरणिकेत विणेकऱ्यांची नावं आली आहेत, मृदंगवाल्यांची आली आहेत, शंभर वर्षांत ज्यांनी ज्यांनी पंगती घातल्या त्यांची यादी आली आहे. बैलांवर स्वतंत्र लेख आहे आणि तो असायलाच हवा होता. राहिली ती कुत्री. 'त्यांच्यावर काय लिहिणार?' असं बैठकीत एका माऊलींनी विचारलं, तर तिथल्या तिथं चौघांनी आपापल्या वेळच्या कुत्र्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. चहा गार झाला तरी विषय काही आवरेना. मग तो आमच्या गळ्यात पडला. जुन्या माणसांना विचारून आणि दिंडीच्या खर्चाच्या वह्या चाळून जे हाती लागलं ते इथं मांडतो.

सोहळ्यात जनावरांना मान आहे, हे सांगायला नको. हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींच्या पालखीला आजचं रूप दिलं, त्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व आला. तो रिंगणात धावतो आणि त्याच्या टापांखालची माती माणसं कपाळाला लावतात. रथाला बैलजोडी द्यायचा मान मिळावा म्हणून घराणी वाट बघतात. तुकोबारायांच्या सोहळ्यात काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. आपल्या जुन्नर तालुक्यात तर आळ्याला रेड्याची समाधी आहे. पैठणला माऊलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो हा रेडा. आपली दिंडी दरवर्षी निघताना तिथं माथा टेकूनच पुढं सरकते. कुत्र्याला मात्र रिंगण नाही, मान नाही. दिंडीला नंबर असतो, दिंडीच्या गाडीला पास असतो, कुत्र्याचं नाव कुठंच नसतं. आणि तरी ते दरवर्षी असतं.

कीर्तनात कुत्रं येतं ते नामदेवरायांच्या गोष्टीत. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. गोष्ट गोड आहे, पण आमचं म्हणणं असं की तिच्यात आपली थोडी सुटका आहे. तो कुत्रा साक्षात पांडुरंग होता, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. पंगतीतलं पिठलं उलथवणारं खरं कुत्रं समोर आलं की वाटी घेऊन कोणी धावत नाही, काठी घेऊन धावतात.

वारीला जवळची गोष्ट खरं तर दुसरी आहे. महाभारताच्या शेवटी पांडव हस्तिनापूर सोडून निघतात तेव्हा एक कुत्रा आपणहून त्यांच्यामागं चालू लागतो. कोणी पाळलेला नाही, कोणी बोलावलेला नाही. वाटेत द्रौपदी पडते, मग एकेक भाऊ पडतो, कुत्रा चालतच राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड. युधिष्ठिर म्हणतो, आसऱ्याला आलेल्याला सोडून मला स्वर्ग नको. पुढं तो कुत्रा धर्म निघाला, हे खरं. पण नकार देताना युधिष्ठिराला ते माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ते बरोबर चालत आलेलं एक कुत्रं होतं, बस्स. आपल्या दिंडीत या विषयावर जे जे वाद झाले ते सगळे याच एका मुद्द्यावर झाले. बरोबर चालत आलेल्याचं काय करायचं?

बैलगाड्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' म्हणतात ना, तसं गाडीबरोबर कुत्र्याची यात्रा व्हायची. गाडीच्या आसाखाली सावली असते. दिवसभर कुत्रं त्या सावलीत, दोन चाकांच्या मधून चालायचं. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय, ही म्हण त्यावरूनच पडली. पण ती म्हण करणाऱ्यानं रात्रीचा मुक्काम बघितलेला नसावा. दिवसा गाडी बैल ओढायचे हे खरं, पण रात्री बैल, वैरण, पिठाची पोती आणि भांडी राखायचं कुत्रंच. माणसं वीस-वीस मैल चालून मेल्यागत झोपलेली असायची. चोराचा सुगावा लागायचा तो मोत्यालाच. म्हणून गाडीवाले आपलं कुत्रं मुद्दाम आणायचे. भाकरीचा वाटा ठरलेला असायचा, माणसांच्या पंगती उठल्यावर गाडीवान आपल्या हातानं द्यायचा. कीर्तनात आणि सैपाकाच्या जागेत कुत्र्यानं यायचं नाही, हा दंडक तेव्हापासूनचा आहे आणि आजही आहे. ज्याचं त्याला कळायचं.

एकादशीचं सांगितलं पाहिजे. पुण्याचे दोन मुक्काम आटोपून सासवडला जायची मजल सगळ्यात लांबची, त्यात दिवे घाट, आणि त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी. भाकरी कोणाकडेच नाही. कुत्र्यांनाही वरीचा भात आणि दाण्याची आमटी. काही कुत्री ते खात, काही नुसतं हुंगून माणसाच्या तोंडाकडं बघत बसत. एक म्हातारबाबा म्हणायचे, आपल्या दिंडीत निर्जळी कोण करत असेल तर हा खंड्या, बाकी सगळे फराळ झोडतात! पुढं जेजुरीला खंडोबाच्या दारी भंडारा उधळला की ही सगळी पिवळी होऊन निघायची. खंडोबाच्या चित्रातही घोड्याजवळ कुत्रा असतोच, तेव्हा तिथं त्यांना कोणी हाड म्हणत नसे.

समाजआरतीची गोष्ट अजून सांगतात. माऊलींच्या तळावर चोपदार चोप उंचावतात आणि एवढा जनसागर एका क्षणात गप्प होतो. त्या शांततेत आपल्या दिंडीतल्या एका कुत्र्यानं लांब गळा काढला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तक्रार असलेली दिंडी टाळ वाजवत राहते हा तिथला रिवाज, त्यामुळं शेजारच्या दिंडीतलं कोणी म्हणालं, 'यांच्या कुत्र्याची काय तक्रार आहे ती ऐकून घ्या आधी.' त्यानंतर कित्येक वर्षं आरतीच्या वेळी गाडीपाशी एक माणूस थांबायचा.

याच काळातली ती कुत्री. तिचं नाव कोणाला आठवत नाही. ती कोणाच्या गाडीची नव्हती. हडपसरच्या अलीकडून कुठूनतरी मागं लागली आणि घाट चढून आली. पोटुशी आहे हे बायकांच्या ध्यानात आलं होतं, पण कुत्रीचे दिवस जेमतेम दोन महिन्यांचे असतात, कधी भरतील कोण सांगणार? नीरेच्या अलीकडच्या एका मुक्कामात ती रात्री गाडीखाली व्याली. सकाळी दिंडी निघायची वेळ झाली. पालखी कोणासाठी थांबत नाही. गाडीवान म्हणाला, हिला इथंच राहू द्या, गाव आहे, कोणीतरी घालील तुकडा. विणेकरीबुवा एरवी फार कडक माणूस, कुत्र्याला जवळ येऊ न देणारे. ते म्हणाले, 'घाट चढली ना आपल्याबरोबर? मग ती आपली.' गाडीच्या खाली वैरणीची झोळी बांधलेली असते, त्यात गोणपाट घालून पिलं ठेवली. ती आई झोळीखालून चालत पंढरपुरापर्यंत गेली. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला आणि परतवारीला पिलं झोळीतून माना बाहेर काढून बघत होती, असं सांगतात. तिच्या वंशाची कुत्री आपल्या गावात पुढं बरीच वर्षं होती. निदान ज्यांच्या दारात ती होती ते तरी तसं छातीठोक सांगायचे.

'घाट चढला की तो आपला' हे त्या दिवसापासून दिंडीत बोललं जाऊ लागलं. कुठं लिहिलेलं नाही. पण त्यात शहाणपण आहे. घाटाच्या खाली कुत्रं अजून आपल्या माहितीच्या मुलखात असतं, दोन गावं मागं वळून घरी जाऊ शकतं. घाट चढून सासवड गाठलं की त्याच्या नाकाला ओळखीचं काहीच उरत नाही. पुढं प्रत्येक गावाची स्वतःची कुत्री, प्रत्येक शिवेवर मारामारी. माणसांच्या घोळक्यात चाललंय तोवर ते वाचतं. घोळका पुढं गेला की एकट्याला फाडतात.

सगळेच काही पायी परतत नव्हते. बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपूरला आली ती १९०६ मध्ये आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. म्हणजे आपली दिंडी सुरू झाली तेव्हा ती छोटी गाडी होतीच. म्हातारी, आजारी माणसं तिनं कुर्डुवाडीला जात आणि तिथून मोठ्या गाडीनं पुण्याला. रेल्वेत कुत्र्यालाही भाडं पडतं आणि त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसावं लागतं, हा नियम जुना आहे. जुन्या वह्यांत एके ठिकाणी आजारी माणसांच्या तिकिटांखाली कुत्र्याच्या भाड्याचीही नोंद आहे. कुत्रा कोणाचा ते लिहिलेलं नाही. दिंडीच्या पैशातून भाडं भरलं, म्हणजे तो दिंडीचाच म्हणायचा. आमच्या मते या शंभर वर्षांत कुत्र्याला कागदावर मिळालेली जागा ती एवढीच.

मग ट्रक आले. १९७२ च्या दुष्काळानं बैलं गेली, ती पुन्हा तेवढी उभी राहिलीच नाहीत. आपल्या दिंडीतल्या गाड्या एकेक करून कमी झाल्या आणि सामान ट्रकमध्ये चढलं. सोय झाली, तक्रार नाही. पण ट्रक सकाळीच सामान घेऊन पुढच्या तळावर जातो, त्याच्याखाली चालता येत नाही. कुत्र्याची सावली गेली. राखणीचं कामही गेलं, कारण ट्रकला कुलूप लागतं. ज्याचं काम गेलं त्याचा भाकरीतला वाटाही जातो, हे माणसांच्या बाबतीतही आपण बघतोच.

तेव्हापासून दिंडीमागं येणारी बहुतेक कुत्री ही वाटेवरची. ती का येतात? भाविक येतात म्हणून हे आपण कीर्तनात म्हणतो, खरं कारण बिस्किट. चालता चालता कोणी माऊली प्रेमानं बिस्किटाचा तुकडा टाकते. हात पुढं जातो, कुत्रं मागं येतं. मैलभरानं दुसरी माऊली टाकते. टाकणारीला वाटतं आपण एका भुकेल्या जिवाला घातलं, आणि कुत्रं तोवर चार गावं ओलांडून आलेलं असतं. पाऊस लांबला असेल तर ज्येष्ठातलं डांबर तापून लाल होतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकतं, आणि घाम येतो तो तेवढा पंजांना, तेच पंजे भाजत असतात. हाताची पालथी बाजू रस्त्याला चार श्वास टेकवून बघावी, म्हणजे कळतं. आता पालखीमार्ग राष्ट्रीय महामार्ग ९६५ झाला आहे. रस्ता रुंद झाला, चालायला जागा झाली आणि वाहनांचा वेगही वाढला. कडेला काय काय पडलेलं दिसतं ते चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, इथं लिहीत नाही.

जी पोचतात त्यांचं पुढं काय होतं? एकादशीला पंढरीत पाय ठेवायला जागा नसते, पौर्णिमेनंतर वाळवंट ओस पडायला लागतं. आलेली माणसं एसटीनं, ट्रकनं, रेल्वेनं पांगतात. आलेली कुत्री तिथंच उरतात. २०२४ च्या आषाढीला एक बातमी सगळ्यांनी वाचली असेल. बेळगाव जिल्ह्यात निपाणीकडच्या एका गावचं 'महाराज' नावाचं काळं कुत्रं धन्याबरोबर पायी पंढरपूरला आलं, गर्दीत चुकलं, धन्यानं शोध शोध शोधलं आणि जड मनानं घर गाठलं. पाठोपाठ हे कुत्रंही सुमारे अडीचशे किलोमीटर चालून एकटंच दारात उभं राहिलं. गावानं त्याला हार घातला, जेवणावळ घातली. आनंदाची गोष्ट आहे. पण एक परत आलं म्हणून पेपरात आलं. जी परत येत नाहीत त्यांची बातमी होत नाही. हरवलेल्या माणसांचा पुकारा तळावर होतो, सापडलेल्या चपलेचासुद्धा होतो.

आपल्या दिंडीत यावरून खरा वाद पेटला तो काही वर्षांपूर्वी. हडपसरपासून आलेला एक तांबडा कुत्रा पंढरपुरात पोचला होता. परतीचा ट्रक भरला, तो मागच्या फळीपाशी येऊन बसला. ट्रकवाला म्हणाला, कुत्रं घेणार नाही, गाडी घाण होते. दिंडीतल्याही काहींचं तेच म्हणणं, रस्त्याचं कुत्रं आहे, इथं राहील काय आणि तिथं राहील काय. तेव्हा एक मावशी खाली उतरल्या. साठी उलटलेल्या, गुडघे गेलेल्या, शेजारणीनं ओढून वर घेतलेल्या. 'मग मीबी ऱ्हाते,' एवढंच म्हणाल्या आणि कुत्र्याशेजारी बसल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. अर्ध्या तासानं ट्रकवाल्यानंच फळी पाडली. हडपसरला पहाटे ट्रक थांबवला. कुत्रा उतरला, चहाच्या एका टपरीकडं सरळ गेला आणि तिच्या बाकड्याखाली जाऊन झोपला. टपरी अजून उघडायची होती. तिथं राहील काय आणि इथं राहील काय म्हणणाऱ्यांनी ते बघितलं, हे बरं झालं.

आता घरची कुत्रीही पुन्हा येऊ लागली आहेत, आणि त्यामागं आपल्या तालुक्याचं एक कारण आहे. धरणं झाली, उसाचं रान वाढलं आणि बिबट्या उसात राहायला आला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, एवढी इथं त्यांची वस्ती. मळ्यातल्या घरात बिबट्याचं पहिलं भक्ष्य कुत्रं. घरातली दोन्ही म्हातारी माणसं महिनाभर वारीला गेली तर दारात साखळीला बांधलेला राजा परत येईपर्यंत राहील याची खात्री नाही. म्हणून ते त्याला घेऊनच येतात. आळंदी ते पुणे या टप्प्यात शहरातली मंडळी पट्टा लावलेली, रेनकोट घातलेली कुत्री आणतात ते वेगळं. त्यांचे फोटो निघतात आणि ती संध्याकाळी मोटारीनं घरी जातात. त्यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही, एवढंच की मृदंगाच्या आवाजानं थरथरणाऱ्या कुत्र्याला कौतुकानं दिंडीत आणू नये.

करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ मध्ये, पादुका एसटीनं गेल्या. आपण घरीच टाळ वाजवला. आपल्या मुक्कामाच्या गावच्या एका शेतकऱ्यानं नंतर सांगितलं, पालखीच्या दिवशी त्यांच्या वस्तीवरची कुत्री सकाळपासून तळाच्या माळावर जाऊन बसली होती. त्यांना तिथी कळते की काय, असं ते म्हणाले. आमच्या मते त्यांना चुलाण पेटवायचे खड्डे दिसले असतील, गावानं सवयीनं माळ साफ केला असेल. काही का असेना, ती बसली होती खरी.

चावण्याबद्दल लिहिलं नाही तर लेख अर्धवट राहील, कारण विरोध करणाऱ्यांचा हा मुद्दा खोटा नाही. जुन्या लोकांच्या मनात कुत्रं चावणं म्हणजे पोटातली चौदा इंजेक्शनं, अशी धडकी आहे. आता ती पद्धत गेली, सुया दंडात मिळतात आणि कमी लागतात. पण पिसाळी झाली तर औषध नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. चावा किंवा ओरखडा लहान दिसला तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचा, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि वाटेतल्या पहिल्या सरकारी दवाखान्यात जायचं. पुढच्या सुयांच्या तारखा मुक्कामांप्रमाणं पडतात, त्या चुकवायच्या नाहीत. पंढरपूर झाल्यावर बघू, असं म्हणायचं नाही. घरचं कुत्रं आणणाऱ्यानं त्याला लस टोचलेली असली पाहिजे आणि कार्ड जवळ पाहिजे.

सरकारचा नियमही आपल्या जुन्या बोलण्याच्या जवळ आला आहे. रस्त्यावरची कुत्री नसबंदी आणि लस करून जिथून उचलली तिथंच सोडायची, असं २०२३ च्या नियमांत आहे. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं तर १९६० च्या कायद्यानं गुन्हाच आहे. विणेकरीबुवांना कायदा माहीत असायचं कारण नव्हतं.

शताब्दीच्या वारीसाठी दिंडीच्या बैठकीत जे ठरलं ते नोंदवून ठेवतो. चालताना कोणत्याही कुत्र्याला खायला टाकायचं नाही. घालायचं तर मुक्कामावर, पंगत उठल्यावर, आणि पाणी कधीही. घरचं कुत्रं आणायचं असेल तर आळ्याला समाधीपाशीच नोंद करायची, कुत्र्याचं नाव, गावाचं नाव आणि कार्ड. वाटेवरचं कुत्रं मागं आलं तर हडपसरला, घाटाच्या आधी, दोघांनी थांबून त्याला मागं वळवायचं. तरीही जे घाट चढेल त्याची वहीत नोंद करायची, कुठून आलं त्या ठिकाणासह. परतीचा ट्रक ठरवतानाच मालकाला सांगायचं की मागच्या फळीजवळ कुत्र्यांसाठी जागा राहील, आणि ट्रक घाण झाला तर धुण्याचे पैसे दिंडी देईल. या शेवटच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, असा प्रश्न निघाला. जुन्या वहीतलं आजारी माणसांच्या तिकिटांचं पान दाखवल्यावर ते प्रवासखर्चात धरायचं ठरलं.

त्या मावशी बैठकीला होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की फळीजवळ गोणपाट कोण टाकणार. नाव लिहून घेतलं आहे.